लाईटचा शेवटचा अर्थ

ऐक, नुसतं ऐकून घे, मध्ये तोंड घालू नकोस, नाहीतर माझा धागा तुटेल. आमच्या शब्दकोशाच्या ऑफिसातली ती ना, काडीसारखी, जिला तिचा दादा अजूनही कापूस म्हणतो, ती रविवारी दुपारी दादाकडे जेवायला गेली होती. जेवण कसलं, दादाचा सत्कारच होता, फक्त तो सत्कारमूर्तीनेच ठेवला होता. दादाही शब्दकोशातलाच माणूस, पण दुसऱ्या कोशातला, म्हणजे समोरच्या दुकानातला म्हण. त्यांचा इंग्रजीचा नवा कोश छापून आला होता आणि त्यातलं एल हे अख्खं अक्षर दादाने एकट्याने केलेलं. जेवणं झाली, दादा सोफ्यावर पाय पसरून बसला, वहिनी ताटं उचलत होती, आणि हिने हात पुसून तो जाडजूड कोश मांडीवर घेतला. आता उघडून बघणार काय? जीभ दुखऱ्या दातावरच जाते. तिने लाईट काढला. कारण आमच्याकडे लाईट हा शब्द तिचा होता. छोटे शब्द आमच्यात डझनाने वाटतात, पण मोठा शब्द एकाच माणसाला देतात आणि मग तो माणूस त्या शब्दाबरोबर संसार करतो, उठतो-बसतो, भांडतो. तिने लाईटबरोबर दोन वर्षं काढली होती, आणि आमचा कोश यांच्या आधीच बाजारात आलेला. दादाच्या पानावर तिचं बोट खाली खाली येत गेलं. उजेड, ठीक. दिवा, ठीक. हलकं, फिकं, सोपं, पेटवणं, पक्षी फांदीवर उतरतो ते उतरणं, सगळं ठीक, हे अर्थ कुणाच्या बापाचे नाहीत. मग अगदी तळाशी बोट आलं आणि तिथेच अडकलं. तिथे लिहिलं होतं: भिंतीला लागून असलेली वस्तू हलवल्यावर मागे उरणारा फिका चौकोन. तिला आधी वाटलं, आपण चुकून आपलाच कोश उघडलाय. मग तिने पुस्तक मिटून वरचं नाव वाचलं, आणि पुन्हा तेच पान उघडलं.

का, ते सांगते. तो अर्थ अस्तित्वातच नाही. जगात कुणीही, कधीही, त्या चौकोनाला लाईट म्हणालेलं नाही. तो तिने रचलेला होता. आमच्या धंद्यात अशी पद्धत आहे, बाहेर कुणी बोलत नाही. कोश चोरायला सोपा असतो. मी लिहिलं लाईट म्हणजे उजेड, तूही लिहिलंस लाईट म्हणजे उजेड, चोरी कशी सिद्ध करणार? म्हणून दर अक्षरात आम्ही एक खोटी गोष्ट उभी करतो, त्याला आम्ही बुजगावणं म्हणतो. ते दुसऱ्याच्या शेतात दिसलं की समजायचं, पीकही आपलंच कापून नेलंय. कुठलं बुजगावणं ते फक्त रचणाऱ्याला माहीत, आमच्या मुख्य संपादक बाईंनाही नाही, म्हणजे फुटायला नको. एवढीच अट की कुणा बिचाऱ्या विद्यार्थ्याचं नुकसान होऊ नये, म्हणून ते सगळ्यात शेवटच्या भागात टाकायचं, ज्याला आम्ही 'आपल्या तोंडी' म्हणतो. इंग्रजी शब्द आपल्या लोकांच्या तोंडात येऊन काय काय होतो, ते तिथे असतं. लाईट गेली, लाईट जेवण, लाईट घे रे, सगळं तिथे. तिथला अर्थ कुठल्या पुस्तकात सापडत नाही, कानांवरच भरवसा, म्हणून नियम असा की तिथल्या प्रत्येक अर्थाला दोन साक्षी हव्यात, दोन माणसं, ज्यांनी तो शब्द खऱ्या बोलण्यात ऐकलाय. बुजगावण्याला अर्थातच साक्षी नसतात. आणि दादाने ते उचललं होतं, जसंच्या तसं, हात न लावता, जसा माणूस रस्त्यावर पडलेली छत्री उचलतो.

तिने विचारलं, अगदी सहज, की हा शेवटचा कुठून आणलास. दादा म्हणाला, कुठला, बघू, आणि बघून हसला. तुमचाच असेल, म्हणाला, सगळेच सगळ्यांचं बघतात, त्यात काय एवढं. वहिनी आतून म्हणाली की तुम्हा बहीणभावांना जेवल्यावर तरी शब्द पचवता येत नाहीत का. दादा म्हणाला, तिला दोन वर्षांत एक शब्द दिलाय, तो पचायला तेवढा वेळ लागणारच. वहिनी हसली. तीही हसली, बरं का, तिला त्याचा नंतर सगळ्यात जास्त राग आला. मग दादा म्हणाला, "पण चांगला आहे हा. म्हणून तर घेतला. कुठे सापडला गं तुला?" आणि त्याला खरंच माहीत नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, कुठे काही हलतंय का, पापणी, ओठ, काहीतरी. काही नाही. तोंड स्वच्छ, धुतलेल्या ताटासारखं.

कारण तो चौकोन दादानेच केलेला होता. थांब, हे नीट ऐक. त्यांची आई शेवटचे काही महिने अंथरुणाला खिळली होती, आणि तिच्या पलंगासमोरच्या भिंतीला तिचं लाकडी कपाट होतं, उंच, दाराला पितळी मुठी. आईच्या लग्नाआधीचं. एक दिवस दादा दोन माणसं घेऊन आला आणि म्हणाला, हे इथे धूळ खातंय, माझ्याकडे नवीन खोली रिकामी आहे. आईचे कपडे त्याने पलंगाच्या पायथ्याशी ठेवले, घड्या मोडू न देता, त्यात तो पक्का आहे. आणि कपाट गेलं. मागे भिंतीवर उरला एक उभा चौकोन, फिका, बाकीची भिंत इतकी वर्षं धुराने, श्वासाने पिवळी पडलेली आणि हा मधला तुकडा नवाकोरा, जणू तिथे दुसऱ्याच घराची भिंत बसवलीय. आई त्याच्याकडे बघायची. बोलायची नाही. औषध घेताना, केस विंचरून घेताना, कूस बदलताना, नजर तिथेच. ही विचारायची, आई, पडदा लावू का, काही टांगू का तिथे? आई मान हलवून नाही म्हणायची. आई गेली तीही तिकडेच तोंड करून. आईने त्या चौकोनाला कुठलंही नाव दिलं नाही, तक्रार केली नाही, दादाबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि हिला इतकी वर्षं वाटत राहिलं की त्या गोष्टीला एक शब्द असायला हवा होता, जगातल्या कुठल्यातरी भाषेत. म्हणून बाई जेव्हा म्हणाल्या की तूही कुठेतरी एक बुजगावणं उभं कर, तेव्हा तिला रचावं लागलंच नाही. हात आपोआप चालला. तिने अशी चूक केली, जी आमच्यासारखेच लोक करतात: खोटं लिहायला सांगितलं आणि तिने नेमकं खरं लिहिलं.

त्या दुपारी ती दादाकडून निघाली आणि चालतच घरी गेली. चौकात सिग्नलला उभी राहिली आणि सुटला की जाऊ म्हणत तो सुटून पुन्हा लागला तरी उभीच. लाईट. तिच्या डोक्यात तो शब्द असाच सुटायचा, एकदा लागला की पाठच सोडायचा नाही. तुला माहितीये का, लाईट हे खरं तर दोन शब्द आहेत. उजेडाचा वेगळा आणि वजनाचा वेगळा, दोघांची घराणी निराळी, शेकडो वर्षं शेजारी राहून दोघांचे चेहरे तेवढे सारखे झाले. आणि आम्ही दोघं, ती मनाशी म्हणाली, एका पोटचे आणि एकमेकांशी काडीचं साम्य नाही. लहानपणी दादा तिला एका हाताने उचलायचा. पाहुण्यांसमोर त्याचा तो खेळच होता, बघा, आमची कापूस, वजनच नाही. सगळे हसायचे. पाहुणे गेले की तो तिला त्याच कपाटावर ठेवायचा, अगदी वर, छताला डोकं टेकेल असं, आणि खालून म्हणायचा, कापूस ना तू, उडून ये खाली. मग लाईट बंद करून निघून जायचा. अंधारात तिला छताचा वास यायचा, चुन्याचा, कोळ्याच्या जाळ्यांचा, आणि खाली किती खोल आहे ते कळायचं नाही. ती ओरडायची नाही, कारण ओरडलं की तो दारातून म्हणायचा, अगं मस्करी केली, लाईट घे ना. आई यायची, दिवा लावायची, स्टुलावर चढून तिला उतरवायची आणि कपाटाचं दार उगाच पुसायची. दादाला आई काही बोलली का? बोलली असेल. आठवत नाही. पुढे तिच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, तेव्हाही दादाच मुलाकडच्यांना म्हणाला होता की हिचं खाणं लाईट, झोप लाईट, आणि डोकंही तसं लाईटच, तुम्हाला जड जाणार नाही. तेव्हाही सगळे हसले होते. ते लग्न जमलं नाही, आणि दादा म्हणाला, बरंच झालं. तिने या सगळ्याची कधी बेरीज केली नव्हती, पण त्या चौकात उभं राहून तिला पहिल्यांदा वाटलं की आता हा माणूस माझ्या मुठीत आहे. मूठ बंद केली की संपला. आमच्या धंद्यात ज्याने दुसऱ्याचा अर्थ चोरला असं सिद्ध झालं, त्याला कुणी शब्द देत नाही, साधं ॲण्डसुद्धा देत नाही. आणि एल दादाने एकट्याने केलेलं, सांगायला साथीदारही नाही. तिला आनंद झाला. मी सरळ सांगते, तिला आनंद झाला, पोटातून, भूक लागल्यासारखा, आणि मग लगेच स्वतःची किळस आली, आणि किळस येऊनही आनंद काही गेला नाही.

सोमवारी आम्ही कामाला आलो तेव्हा त्यांचा कोश बाईंच्या टेबलावर होता. ही आमची रीत: समोरच्यांचं पुस्तक आलं की आधी आपापली बुजगावणी शोधायची. एकेकाने आत जायचं आणि सांगायचं, उभं आहे किंवा नाही. आमच्यातले तिघे जाऊन नाही म्हणून आले, एकजण तर नाराज होऊन आला, की आमचं अक्षर चोरायच्या लायकीचंही समजत नाहीत लेकाचे. मग ती गेली. बाईंनी लाईटचं पान उघडून ठेवलेलंच होतं. बाई म्हणजे तुला माहीत आहेत, आवाज कधी चढत नाही, चढवावा लागतच नाही. त्यांचं बोट त्या शेवटच्या ओळीवर होतं. म्हणाल्या, हा मी जन्मात ऐकला नाही, आणि तो तुझ्याकडेही आहे आणि यांच्याकडेही. तुझं बुजगावणं ते हेच का?

एक हो म्हणायचं होतं. दुसरं काही नाही. तिने रविवारची सगळी रात्र त्या होची तालीम केली होती. आणि तिथे उभं राहून तिला अचानक ते फार थोडं वाटलं. हो म्हटलं की दादाची नोकरी जाईल, वकील येतील, नोटिसा निघतील, आणि त्या सगळ्यात कपाटाचा कुणी उच्चारही करणार नाही. दादा म्हणेल, एक अर्थ उचलला, सगळेच उचलतात, बहिणीने दावा साधला. त्याला शेवटपर्यंत कळणारच नाही की त्याने काय उचललं. आणि तिला त्याची नोकरी नकोच होती गं. तिला एक वाक्य हवं होतं. त्याच्या तोंडून, दुसऱ्या माणसासमोर: आईचं कपाट मी नेलं आणि आई त्या भिंतीकडे बघत राहिली. बास. एवढंच. त्यासाठी ती काय करून बसली बघ. ती बाईंना म्हणाली की नाही, हे बुजगावणं नाही, हा अर्थ खरा आहे. माझं बुजगावणं त्यांच्याकडे नाही. म्हणाली आणि स्वतःची नोकरी पणाला लावली, कारण आमच्याकडे उशीर चालतो, चूक चालते, चहाच्या कपांचे डाग चालतात, पण कुठला अर्थ खरा आणि कुठला खोटा यात जो खोटं बोलला तो त्याच दिवशी बाहेर. बाईंनी स्वतःच्या भाच्याला काढलंय.

बाई म्हणाल्या, मग साक्षी? ती म्हणाली, एक मी. आमच्या घरात म्हणायचे. आणि दुसरा, बाई म्हणाल्या. ती म्हणाली, माझा दादा. बाईंनी पानावरून बोट उचललं. एलच्या पानावरचं आडनाव तेच होतं, त्यांना लगेच कळलं की याच माणसाने ते अक्षर केलंय, आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या, आणि खरं सांगू, त्यांचा चेहरा मोकळा झाला. म्हणजे चोरी नाहीच, म्हणाल्या, एका घरातला शब्द दोन कोशांत गेला. असं होतं. छान आहे की. पण साक्ष ती साक्ष, लाव त्याला फोन, मी विचारते, तू मध्ये बोलायचं नाहीस. हेच तर तिला हवं होतं. तिने फोन लावून स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला. दादाने उचलल्या उचलल्या, बोल गं कापूस, असं म्हटलं, आणि बाईंनी आपली ओळख सांगितल्यावर त्याचा आवाज एकदम इस्त्री केल्यासारखा झाला. बाईंनी विचारलं की लाईटचा तो शेवटचा अर्थ, फिका चौकोन, तो तुम्ही कुठे ऐकलात? तुमच्या बहिणीने साक्षीला तुमचं नाव दिलंय.

तिला वाटलं, आता. आता त्याच्या डोळ्यांसमोर ती खोली येईल. तो हुशार आहे, त्याला दोन क्षणांत कळलं असणार की आपण कशात सापडलोय, आणि बहिणीने दोर टाकलाय. तो दोर धरून वर यायचं तर त्या भिंतीजवळूनच यावं लागेल, दुसरी वाट नाही. तिने टेबलाची कड धरली होती. आणि दादा बोलला, मोकळा, प्रसन्न, जसा सत्काराला बोलतो तसा.

"आमची आई म्हणायची. कपाट वगैरे हलवलं ना भिंतीपासून, की म्हणायची, बघ, लाईट उरली."

कपाट वगैरे. बाई पेन्सिल घेऊन लिहीत होत्या, त्यांनी विचारलं, नेहमी म्हणायच्या की एखाद्याच वेळी? दादा म्हणाला, "शेवटी शेवटी फार. आजारी होती तेव्हा. मी असायचो ना तिच्याजवळ, माझ्याशीच बोलायची." आणि आवाज थोडा ओला केला, अगदी बेताचा, मोजून. बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी मान खाली घातली, एका मेलेल्या बाईच्या शब्दाला देतात तेवढा मान देऊन. मग त्यांनी हिच्याकडे बघितलं. बघण्यात शंका नव्हती, नुसती रीत होती. दोन्ही साक्षी जुळतात ना, एवढंच. हिने नुसती हो म्हणून मान हलवायची होती. मान हलवली की दादा वाचला, हीही वाचली, अर्थ कायमचा कोशात राहिला आणि त्याच्याबरोबर हेही राहिलं की आई शेवटी शेवटी दादाशी बोलायची. ती खोली, ती न बोलणारी आई, ते विंचरलेले केस, सगळं त्याने दोन वाक्यांत उचलून आपल्या नव्या खोलीत नेऊन ठेवलं होतं, घडीसुद्धा न मोडता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते सुंदर होतं. बघ, लाईट उरली. आई खरंच असं म्हणाली असती तर. क्षणभर तिला आईच्या आवाजात ऐकूही आलं, आणि ती घाबरली, कारण आणखी थोडा वेळ गेला असता तर तिलाही ते आठवायला लागलं असतं.

ती म्हणाली, "नाही. आई काहीच म्हणायची नाही. तो अर्थ मी रचलाय, बाई. हेच बुजगावणं आहे, मी आत्ता तुमच्याशी खोटं बोलले."

फोनमधून दादा म्हणाला, कापूस, अगं, लाईट... बाईंनी फोन बंद केला नाही. त्यांनी लिहिलेलं शांतपणे खोडलं, पेन्सिल खाली ठेवली आणि हिला म्हणाल्या, बाहेर जाऊन टेबल आवरायला घे. आम्ही सगळे माना खाली घालून बसलो होतो आणि ती आपले चिमटे, पट्टी, चष्म्याचं घर पिशवीत भरत होती. दादाचंही काम सुटलं ते त्याच आठवड्यात. वहिनी हिच्या घरी आली ती जिना चढतानाच ओरडायला लागली होती, की एक मान हलवायची होती, मान, तेवढंही वजन उचललं नाही तुझ्याच्याने. आणि ही दारात उभी.

मला म्हणाली, वहिनीचंही बरोबर आहे. तिने हे सांगितल्यापासून मी घोकतेय, आणि मला काही ठरवता येत नाही. आता बोल तू. बाई समोर आहेत, दादा फोनवर आहे, आणि तुझी एक मान बाकी आहे. तू काय केलं असतंस?